सुरी, लेखणी आणि पोलादाचे पाणी



संस्थेच्या साठाव्या वर्षाला हीरकमहोत्सव म्हणण्याची प्रथा आहे. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, हे स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दाखवून दिले. दप्तरातल्या पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट, तेही कार्बनच. आणि ज्या पात्याने त्या पेन्सिलीला टोक काढले जाते, त्या पात्याचा कणखरपणाही लोखंडात मुरलेल्या चिमूटभर कार्बनातूनच येतो. हिऱ्याचे कौतुक सारे जग करते, पेन्सिलीचे कौतुक शाळा करते. पात्याचे कौतुक मात्र क्वचितच होते. आजचे हे व्याख्यान त्या उपेक्षित भावंडाविषयी आहे. हाताने घडवलेली, न मिटणाऱ्या पात्याची एक लहानशी सुरी कशी तयार होते, आणि बंगळुरूच्या परिसरात कधीकाळी नांदत असलेली पोलादाची विद्या कशी हरवली, हा त्याचा विषय.

बंगळुरू आज संगणकांचे शहर म्हणून ओळखले जाते. मराठी मनाला त्या शहराची आणखी एक ओळख आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजांनी केंपेगौडांकडून ते घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. केंपेगौडांचे घराणे तेथून पश्चिमेकडील मागडी येथे गेले. मागडी आणि सावनदुर्गाच्या या डोंगराळ मुलखात त्या काळी आणि त्यानंतरही दीडशे-दोनशे वर्षे लोखंड गाळणाऱ्यांच्या भट्ट्या पेटत होत्या. श्रीरंगपट्टण १७९९ साली पडल्यानंतर गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने फ्रान्सिस बुकानन या वैद्याला म्हैसूर मुलखाच्या पाहणीवर पाठवले. १८०० सालच्या त्या प्रवासात बुकानन मागडीच्या परिसरातील घट्टिपुरा येथे पोहोचला आणि तेथील पोलाद करण्याची रीत त्याने बारकाईने टिपून ठेवली. त्याचा प्रवासग्रंथ १८०७ साली लंडनमध्ये छापला गेला. ज्यांनी ते पोलाद केले त्यांनी स्वतः लिहिलेला एकही कागद त्या ग्रंथाच्या शेजारी ठेवता येत नाही. या विषयातले सर्वांत मोठे शल्य हेच आहे.

बुकाननने पाहिलेली रीत अशी. न भाजलेल्या मातीची निमुळती मूस घ्यायची. तिच्यात घडीव लोखंडाचा एक तुकडा ठेवायचा. त्यासोबत तरवडाच्या काडीचे तुकडे आणि दोन हिरवी पाने टाकायची. वर मातीचेच झाकण बसवून तोंड लिंपून टाकायचे. अशा मुशा कोळशाच्या भट्टीत रचून भात्यांनी जाळ फुलवायचा. आत हवा शिरत नाही. काडी आणि पाने जळून राख होण्याऐवजी त्यांचा कोळसा होतो, आणि त्या कोळशातील कार्बन लोखंडात शिरतो. कार्बन मुरला की लोखंड कमी उष्णतेवर वितळते. मूस निवल्यावर फोडली की आत पोलादाचा लहानसा गोळा मिळतो. महाराष्ट्राच्या माळरानावर पिवळ्या फुलांनी बहरणारा, चर्मकारांना कातडे कमावण्यासाठी उपयोगी पडणारा तो साधा तरवड. त्याच्या काडीत जगातील उत्तम पोलादाचे गुपित दडले होते, हे तरवडाशेजारून रोज ये-जा करणाऱ्यांना कोणी सांगितले नाही.

या पोलादाला युरोपात ‘वुट्झ’ म्हणत. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा शब्द कन्नडमधील ‘उक्कु’, म्हणजे पोलाद, या शब्दाचा अपभ्रंश आहे. त्याच्या प्रवासात मुंबईचाही वाटा आहे. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअरसन यांनी सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला, आणि निबंधाच्या मथळ्यातच हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले. नमुने ज्या बंदरातून आले त्या बंदरालाच श्रेय मिळाले; दख्खनच्या पठारावर भात्यासमोर घाम गाळणारी गावे मथळ्याबाहेर राहिली.

आता सुरीकडे वळू. त्या नमुन्यांतून लंडनमध्ये जे पहिले जिन्नस घडले, त्यांत एक लहानसा चाकू होता. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा नामांकित हत्यारकार. शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे करणारा. बँक्स यांच्या इच्छेवरून त्याने वुट्झचा लेखणीचा चाकू घडवला. पिसाची लेखणी तासण्याचा हा चाकू म्हणजे आपल्याकडील बोरू तासणाऱ्या चाकूचा सख्खा भाऊ. स्टोडार्टच्या लक्षात आले की हे पोलाद नेहमीच्या पोलादाइतके तापवून चालत नाही. फार तापवले तर हातोड्याखाली त्याचा चुरा होतो. मंद लाल रंगावर, धीराने ठोकले तरच ते वश होते. एकदा वश झाल्यावर त्याची धार मात्र अशी लागली की, वर्षानुवर्षे तुलना करून पाहिल्यावर आपण युरोपातील उत्तम पोलादापेक्षा हेच पसंत करतो, अशी जाहिरात स्टोडार्टने आपल्या दुकानाच्या पत्रकावर छापली.

पुढे या स्टोडार्टला एक तरुण सहकारी लाभला. त्याचे नाव मायकेल फॅरडे. विजेच्या अभ्यासामुळे ते नाव प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते, पण फॅरडे हा लोहाराचा मुलगा होता हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. १८१९ साली त्याने वुट्झचे पृथक्करण केले आणि पुढची काही वर्षे स्टोडार्टसह तसे पोलाद करण्याचा प्रयत्न केला. वुट्झमध्ये ॲल्युमिनियम असावे, असा त्याचा कयास होता. तो खरा ठरला नाही. पण लोखंडात इतर धातू मिसळून पाहण्याच्या त्या खटाटोपातून मिश्रपोलादाच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. म्हणजे असे, की मागडीच्या मुलखातील विद्येने लंडनला एक प्रश्न दिला, आणि लंडनने त्या प्रश्नावर एक शास्त्र उभारले. ज्यांना उत्तर हाताने ठाऊक होते, त्यांना मात्र कोणी प्रश्नच विचारला नाही.

हे उत्तर किती अवघड होते, याची कल्पना स्वतः एक लहानशी सुरी करू पाहणाऱ्याला चांगली येते. बंगळुरूमध्ये असा खटाटोप करणाऱ्याला साहित्याची वाण नाही. कलासीपाळ्यातील मालमोटारींच्या वस्तीत जुन्या कमानपाट्या मिळतात. भंगारवाल्याकडे झिजलेल्या कानशी मिळतात. पीण्या औद्योगिक वसाहतीत पोलादाला पाणी देऊन देणारे कारखानेही आहेत. जुन्या कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो, कमानपाटीत साधारण अर्धा-पाऊण टक्का. एवढासा फरक, पण तोच पात्याचा स्वभाव ठरवतो. कार्बन जास्त तर धार टिकते, पण पाते ठिसूळ होण्याचा धोका. कार्बन कमी तर पाते चिवट, पण धार लवकर बसते.

जुनी कानस घेतली असे धरू. ती इतकी कठीण असते की दुसरी कानस तिच्यावरून नुसती घसरते. म्हणून आधी तिला मऊ करावे लागते. ती लाल होईपर्यंत तापवून राखेत पुरून ठेवायची आणि रात्रभर हळूहळू निवू द्यायची. सकाळी ती कापता येते. मग कागदावर आकृती काढायची. हातभर तलवारीची हौस सगळ्यांनाच असते. परंतु पहिल्या सुरीचे पाते नऊ-दहा सेंटिमीटरचे आणि मूठ तळहातात मावेल एवढी असली की पुरे. भारतीय शस्त्रनियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र ठरू शकते. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी केलेल्या पात्यांना त्यातून वगळले आहे. ही सुरी भाजी, दोरी आणि लाकूड यांच्यासाठी आहे, हे तिच्या मापावरूनच दिसले पाहिजे.

आकृतीप्रमाणे पाते कापले, मुठीत राहणाऱ्या भागाला भोके पाडली, की कानसकाम सुरू होते. पात्याला दोन्ही अंगांनी सारखा उतार द्यायचा असतो. यंत्राच्या पट्ट्यावर हे काम थोड्या वेळात होते. हाताने कित्येक तास लागतात. पण हाताच्या कामात चूक हळूहळू होते, त्यामुळे ती वेळेवर दिसते. मराठीत ‘घिसाडघाई’ असा एक शब्द आहे. गावोगाव फिरून विळे-खुरपी करून देणाऱ्या घिसाड्यांच्या नावावरून तो रूढ झाला. ज्यांना दिवस मावळायच्या आत गिऱ्हाइकाचे काम उरकून पुढच्या गावी जायचे असे, त्यांची लगबग भाषेने घाईच्या नावाने नोंदवली. त्यांचे कसब नोंदवायला मात्र ती विसरली. घिसाड्याने पालाजवळच्या लहान भट्टीवर केलेले खुरपे वर्षानुवर्षे तण काढते, ही गोष्ट त्या शब्दात कोठेच नाही.

धारेची बाजू या टप्प्यावर अर्धा मिलिमीटर तरी जाड ठेवावी लागते. ती पातळ केली तर पुढच्या अग्निपरीक्षेत वाकते किंवा तडकते. ती अग्निपरीक्षा म्हणजे पाणी देणे. मराठी कारागिराने या क्रियेला दिलेले नाव इतके नेमके आहे की पात्याच्या तेजालाही भाषा ‘पाणी’ म्हणते आणि माणसाच्या तेजालाही. पाते मंद, एकसारखे लाल होऊ लागले की त्याला चुंबक लावून पाहायचे. सुमारे ७७० अंश सेल्सियसला लोखंडाचे चुंबकत्व नाहीसे होते. चुंबक चिकटेनासा झाला की आणखी किंचित तापवायचे आणि पाते टोकाकडून सरळ, न डगमगता कोमट तेलात बुडवायचे. तापलेल्या लोखंडाच्या कणरचनेत कार्बनाला सामावून घेण्याइतकी जागा असते. ते एकदम निवले की कार्बनाला बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि ताणलेली, अतिशय कठीण अशी रचना तयार होते. ॲडॉल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला मार्टेन्साइट म्हणतात. नाव शंभरेक वर्षांपूर्वीचे आहे. ती रचना घडवणारे हात त्याहून फार जुने.

नाव ‘पाणी देणे’ असले तरी अशा पोलादाला साधे पाणी पुष्कळदा सोसत नाही. ते फार झपाट्याने निववते आणि पात्याला बारीक तडा जातो. तडा जाताना ‘टिंग’ असा अगदी हलका आवाज येतो. तो आवाज ऐकला की कित्येक दिवसांची मेहनत वाया गेली हे समजावे. तेल सावकाश निववते, म्हणून शेंगदाण्याचे कोमट तेलही चालते. बाहेर काढलेल्या पात्यावर कानस घासून पाहायची. ती घसरली तर पाणी लागले. पण हे पाते अजून काचेसारखे असते. फरशीवर पडले तर तुटेल. म्हणून त्याला पुन्हा हलके तापवायचे. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर २०० अंशांच्या पुढे गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. पृष्ठभागावर जमणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थराची जाडी वाढत जाते, तसा प्रकाशाचा खेळ बदलतो. लहान सुरीला पिवळ्यावरच थांबवायचे. निळ्यावर गेले तर पाते स्प्रिंगसारखे चिवट होईल, पण धार बसेल. भट्टीत उष्णतामापक नसलेल्या काळात लोहार हा रंग अंधाऱ्या कोपऱ्यात बसून पाहत असे. अंधार गूढतेसाठी नव्हता. रंग नीट दिसावा म्हणून होता.

त्यानंतर मूठ. शिसवीच्या किंवा बाभळीच्या दोन चकत्या, पितळी खिळे आणि भरपूर सबुरी. शेवटी सहाणेवर धार. दोन्ही अंगांनी वीसेक अंशांचा कोन धरून, हाताचा दाब सारखा ठेवून. कागदाचा तुकडा कडेला धरला आणि पाते नुसते टेकवताच तो सरळ चिरत गेला, तर सुरी झाली. या परीक्षेत नक्कल करता येत नाही आणि परीक्षकाची मर्जीही राखता येत नाही. सुरी कापते किंवा कापत नाही.

एक टक्का कार्बन, ७७० अंश, पिवळा रंग, असे सारे आकडे हाताशी असतानाही पहिली सुरी बहुधा बिघडते. मग आकडे नसताना, निव्वळ डोळा, कान आणि हात यांच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेले पोलाद करणाऱ्यांचे ज्ञान केवढे असेल? बुकाननच्याच प्रवासात चन्नपट्टण येथील पोलादी तारांची नोंद आहे. वाद्यांना लागणाऱ्या त्या तारा दूरदूरच्या प्रांतांत जात. पोलाद तलवारीला लागते तसे सुरालाही लागते. याची साक्ष महाराष्ट्रातही आहे. मिरजेच्या प्रसिद्ध सतारमेकर घराण्याचा मूळ व्यवसाय शिकलगारीचा, म्हणजे शस्त्रांना धार आणि झळाळी देण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रांची मागणी सरली, तेव्हा फरीदसाहेबांनी सतार दुरुस्तीपासून सुरुवात करून वाद्ये घडवली, आणि आज मिरजेचा तानपुरा देशभर वाजतो. हात एकच होता. त्याला दुसरे काम मिळाले म्हणून तो वाचला.

मागडीच्या हातांना दुसरे काम मिळाले नाही. इंग्लंडहून कारखान्याचे स्वस्त पोलाद आले. जंगलांवर सरकारी बंधने आली आणि कोळसा दुर्मीळ झाला. जहागीरदार गेले, तशी गिऱ्हाइके गेली. एकोणिसावे शतक संपता संपता मुशीतले पोलाद जवळजवळ नामशेष झाले. पुढे १९२३ साली म्हैसूर संस्थानाने भद्रावती येथे लोखंडाचा आधुनिक कारखाना सुरू केला आणि सर विश्वेश्वरय्यांनी तो मार्गी लावला. तेथे लोखंड पुन्हा वाहू लागले. पण घट्टिपुऱ्याची मूस पुन्हा भट्टीत चढली नाही.

हा दोष केवळ परकीय सत्तेचा मानला, तर हिशेब अपुरा राहील. ही विद्या जातीच्या कुंपणात होती. बापाकडून मुलाकडे जाण्याखेरीज तिला दुसरी वाट नव्हती. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांना भात्याजवळ बसणे कमीपणाचे वाटले, आणि ज्यांच्या हाती भाता होता त्यांना लेखणीजवळ बसू दिले गेले नाही. म्हणून ते कुटुंब पोटासाठी दुसरीकडे वळले, तेव्हा विद्याही त्याच्याबरोबर उठून गेली. लेखणी तासण्यासाठी चाकू लागतो, हे लेखणीला ठाऊक होते. चाकू कसा होतो हे तिने कधी लिहून ठेवले नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न बंगळुरूमध्येच झाला, ही समाधानाची बाब. भारतीय विज्ञान संस्थेतील एस. रंगनाथन आणि राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील शारदा श्रीनिवासन यांनी दक्षिणेतील जुन्या भट्ट्यांच्या जागा, मुशींची खापरे आणि धातुमळ यांचा अभ्यास करून २००४ साली वुट्झ पोलादावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेत जॉन व्हर्होवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे सुऱ्या घडवणारे लोहार यांनी वर्षानुवर्षे एकत्र काम करून पात्यावरची पाण्याच्या लाटांसारखी नक्षी पुन्हा उठवून दाखवली. लोखंडातील व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्याचा अगदी नाममात्र अंश आणि ठोकण्या-तापवण्याच्या पुनःपुन्हा होणाऱ्या फेऱ्या यांचा त्या नक्षीशी संबंध आहे, असे त्यांना आढळले. प्राध्यापक आणि लोहार एका निबंधाचे सहलेखक झाले, म्हणून हे साधले. आपल्याकडे हा योग दोनशे वर्षांपूर्वी जुळून आला असता, तर खापरांना बोलते करण्याची वेळ आली नसती.

म्हणून आज खरा प्रश्न ऐरणीवर आहे तो शाळेपुढे. हात आणि बुद्धी यांना एकाच बाकावर बसवण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही; १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवण्याची तरतूद आहे. ते दहा दिवस सहलीसारखे गेले तर काहीच साधणार नाही. गावातील लोहाराला पाहुणा म्हणून बोलावून, त्याच्याकडून शिकून, त्याचे शब्द मुलांनी वहीत उतरवले, तर पुष्कळ साधेल. तो भट्टीचा रंग कशावरून ओळखतो? पाणी देताना पाते कोणत्या बाजूने बुडवतो? त्याचे वडील कोणते लोखंड पसंत करीत? ही उत्तरे कोणत्याही संकेतस्थळावर नाहीत, आणि ती देणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

प्रत्येक विद्यार्थ्याने सुरी केलीच पाहिजे असे नाही. पण ज्या विद्यार्थ्याने एकदा तरी कानस धरली, एक पाते बिघडवले आणि दुसरे साधले, तो लोहाराशी बोलताना कधीही वरून खाली बोलणार नाही. मराठीतून शिकवणाऱ्या शाळेजवळ या कामासाठी एक मोठे भांडवल आहे. भाता, ऐरण, सांडशी, घण, सहाण, पाणी, पाजवणे, शिकल हे सारे शब्द तिच्याच भाषेत आहेत. साठ वर्षे या शाळेने मुलांच्या हाती लेखणी दिली. पुढच्या पर्वात त्या लेखणीने भात्यापाशी जाऊन बसावे आणि तेथे जे अजून ठाऊक आहे, ते ठाऊक असणाऱ्यांच्या नावानिशी लिहून ठेवावे, एवढीच हीरकमहोत्सवानिमित्त अपेक्षा.